पडीक कोणाला म्हणता?

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत, की ते उच्चारताच माणसाला अपराध करण्याचा परवाना मिळतो. ‘पडीक’ हा त्यांपैकीच एक. एखाद्या जमिनीला पडीक म्हटले, की ती कोणाची नाही, तिच्यावर काही उगवत नाही, तिथे काही घडत नाही आणि म्हणून तिथे वाटेल ते केले तरी कोणाचे काही बिघडत नाही, असे चार सिद्धान्त एका दमात सिद्ध होऊन बसतात. तलाठ्याच्या दप्तरात हा शब्द आहे, मंत्र्याच्या भाषणात आहे आणि दुःखाची गोष्ट ही, की आता तो शेतकऱ्याच्या पोराच्या तोंडीही आहे.

या शब्दाविरुद्ध माझी तक्रार आहे. दिवाळीच्या फराळाच्या ताटात भांडणाचा पदार्थ वाढू नये, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. परंतु वर्षातून एकदा घरातली सगळी माणसे एकत्र बसून एकच अंक वाचतात तो याच दिवसांत. आजी वाचते, सून वाचते, सुटीला आलेली नातवंडे वाचतात. ज्या गोष्टीचा निकाल घराघरांतून लागायचा आहे, ती गोष्ट मग दुसरीकडे कोठे सांगावी?

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मास्तर आहे. शास्त्रातले मोठे शब्द मला झेपत नाहीत. पण ज्या देशात जमिनीच्या तुकड्यातुकड्याचा हिशेब ठेवतात, तिथे त्या तुकड्यावर काय उगवते याचा हिशेब कोणीच का ठेवत नाही, एवढा प्रश्न विचारायला मॅट्रिकची विद्या पुरेशी आहे.

आमच्या लोहाऱ्याचेच उदाहरण घ्या. आज यवतमाळबाहेरच्या माणसाने लोहाऱ्याचे नाव ऐकले असेल, तर ते औद्योगिक वसाहतीमुळे. परंतु हे नाव चारशे वर्षांहून जुन्या दप्तरात आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त आमच्या परगण्याची नोंद ‘योत-लोहारा’ अशी आली आहे. योत म्हणजे यवत, आजचे यवतमाळ. आणि लोहारा म्हणजे त्याच्या पश्चिमेला तीन मैलांवरचे आमचे गाव. यवतमाळ या नावातला ‘माळ’सुद्धा गवताचा माळ नव्हे, तर ‘महाल’ या महसुली शब्दाचा अपभ्रंश आहे, असे गॅझेटियर सांगते. म्हणजे अकबराच्या दरबाराला लोहारा कशासाठी ठाऊक होते? साऱ्यासाठी. मोगल गेले, भोसले-निजाम आले, इंग्रज आले. प्रत्येकाने या जमिनीची मोजणी केली आणि प्रत्येकाने एकच गोष्ट मोजली. इथून मिळेल काय?

मोजणीच्या कामात आपला देश मागे आहे, असे कोणी म्हणू नये. साऱ्या हिंदुस्थानची त्रिकोणमितीने मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली मेला तो आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. आयुष्याची वीस वर्षे त्याने डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर आपले अवजड यंत्र चढवण्यात घालवली. त्याच्या मागून सर्व्हेवाले आले, साखळीने शेते मोजणारे आले, गावनकाशे झाले, गट झाले, सातबारा झाला. सातबाऱ्यात विहीर आहे, झाड आहे, पीक आहे, कर्ज आहे, भाऊबंदकी आहे. लागवडीला निरुपयोगी अशा कोपऱ्यालाही ‘पोटखराबा’ म्हणून एक रकाना आहे. शब्द पाहा : जे आपल्या पोटाला कामाचे नाही, ते खराब! त्या खराब्यात काय उगवते, ते लिहायला मात्र कागदावर जागा नाही.

आता नव्या काळाचे नकाशे आकाशातून निघतात. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने मिळून देशातल्या पडीक जमिनींचा एक मोठा नकाशासंग्रह काढला आहे. त्याच्या २०१९च्या आवृत्तीप्रमाणे देशात सुमारे साडेपाच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे एकूण भूमीच्या जवळजवळ सतरा टक्के जमीन पडीक आहे. या आकड्यात झुडपी माळ आहे, उघडे खडक आहेत, खडकाळ पठारे आहेत. हा नकाशा करणारी माणसे विद्वान आहेत आणि त्यांची यंत्रे उत्तम आहेत, याविषयी मला शंका नाही. माझी शंका अगदी साधी, शाळामास्तरी आहे. फोटो काढला, तेव्हा वर्गात मुले होती का?

हा विनोद नव्हे. आमच्या बरडावरच्या, म्हणजे मुरमाड उंचवट्याच्या जमिनीवरच्या वनस्पतींचे सारे चरित्र या प्रश्नात आहे. सफेद मुसळी, काळी मुसळी, कळलावी, कंदीलपुष्पाच्या जाती, जमिनीवरच्या आमरी या सगळ्या कंदाच्या किंवा गड्ड्याच्या वनस्पती. वर्षातले सात-आठ महिने त्या जमिनीखाली असतात; वर त्यांची खूण दिसत नाही. मृगाचे पाणी पडले की पान वर येते, पोळ्याच्या आगेमागे फुले येऊन जातात, दसऱ्याला पान पिवळे पडते आणि दिवाळीपर्यंत सगळा कारभार पुन्हा जमिनीखाली जातो. उलट उपग्रहाच्या साध्या डोळ्याला ढगाआडचे दिसत नाही. पावसाळ्यातले स्वच्छ चित्र दुर्मीळ. रडार ढगातून पाहते. पण त्याला मुसळी आणि कुसळी यांतला फरक कळत नाही. शिवाय या नकाशाला वापरलेल्या चित्राचा एकेक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. वीतभर उंचीच्या रोपट्याने त्यात आपली हजेरी कशी लावावी?

बरे, जमिनीवर येऊन पाहणी करणारी मंडळी तरी केव्हा येतात? पावसाळ्यात चिखलामुळे जीप जात नाही. दिवाळीनंतर कामाला सुरुवात होते आणि मार्चअखेर पैसा खर्च पडायचा असतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चात गावागावांतून पाहणी होते. तेव्हा बरडावर वाळले गवत, बोराटीची झुडपे आणि दगडगोटे याशिवाय काय असणार? एका ढोरक्याला मी एकदा भर चैत्रात विचारले होते, की इथे मुसळी कोठे होते रे? तो हसला. म्हणाला, “गुरुजी, उन्हाळ्यात काय दिसन तुमाले? मिरगाचं पाणी पडू द्या, मंग या.” जे त्याला कळते ते पाहणीचे वेळापत्रक आखणाऱ्यांना कळत नाही, हे मानायला मी तयार नाही. कळते, पण अंदाजपत्रकाचे वर्ष एप्रिलला सुरू होते आणि मुसळीचे वर्ष जूनला, त्याला कोण काय करणार!

अशा रीतीने जमीन कागदावर रिकामी ठरली, की तिला भरण्याची घाई सुटते. ही घाई नवी नाही. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातल्या सरकारी जंगलाचे अ, ब, क असे वर्ग पाडले होते : एक इमारती लाकडासाठी आणि सरपणासाठी, दुसरा गवताच्या रमण्यांसाठी आणि बाभूळबनांसाठी, तिसरा चराईसाठी. लाकूड, चारा, चराई. साहेब हिशेबी होता, पण निदान गवत हेही काही उत्पन्न आहे, असे तो मानत होता. स्वराज्यात १९७४ साली वनविकास महामंडळ निघाले आणि कित्येक ठिकाणी मिश्र जंगल तोडून एकट्या सागाची लागवड झाली. सागाशी माझे वैर नाही. यवतमाळ जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे. पण ज्या रानात मोह, बिवला, कढई, धावडा, चारोळी आणि त्यांच्या पायाशी शंभर जातींचे वेल-कंद नांदत होते, तिथे एकाच जातीची पलटण उभी करायची आणि तिला ‘वनविकास’ म्हणायचे, हा भाषेवरचा अत्याचार आहे.

पुढे वृक्षलागवडीची मोहीम आली. २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी अशी राज्याने चढती लक्ष्ये ठेवली. शाळाशाळांतून मुले फावडी घेऊन निघाली. हेतू पवित्र, यात संशय नाही. परंतु तेहतीस कोटी खड्डे खणायला जागा कोठून आणायची? वावरात नाही, रस्त्यावर नाही. मग गावचा ई-क्लास आहेच! आमच्याकडे गायरानाला ई-क्लास म्हणतात, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. त्या गवताळ बरडावर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी अशी परदेशातून आणलेली झाडे लावली, की जगली तर सावलीने गवताखालचे कंद जातात आणि मेली तर खड्ड्यांनी. झाड लावणे म्हणजे पुण्य, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे, की गवत उपटून झाड लावणे हे पाप असू शकते, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. जंगल म्हणजे झाडे एवढेच ज्याला ठाऊक आहे, तो माळावर जाऊन तिथे जंगल नाही म्हणून रडतो. समुद्राकाठी जाऊन इथे शेती का नाही, म्हणून रडण्यासारखेच ते.

आणि आता सूर्य आला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची दुसरी आवृत्ती २०२३ साली निघाली. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारी जमिनींवर सौर पत्रे उभारायचे, आणि या सरकारी जमिनींत गायराने आलीच. रात्री दोन वाजता पाणी द्यायला गेलेल्या आणि साप-विंचवाला बळी पडलेल्या शेतकऱ्याचे घर ज्याने पाहिले आहे, तो दिवसाच्या विजेला विरोध करणार नाही. मीही करीत नाही. मी फक्त विचारतो, की पत्रे बसवण्यापूर्वी एका पावसाळ्यात कोणी त्या जमिनीवर फिरून आले का? गावात दोन बरडे असतील आणि एकावर दुर्मीळ वनस्पती असतील, तर पत्रे दुसऱ्यावर बसवायला काय हरकत आहे? सूर्य दोन्हीकडे सारखाच तापतो. मुसळी दोन्हीकडे सारखी उगवत नाही.

असा प्रश्न मी एका अधिकाऱ्यापुढे मांडला होता. सज्जन गृहस्थ. चहा पाजून म्हणाले, “गुरुजी, तिथे आहे काय? चार काटेरी झुडपे आणि गोटे. आणि तुमच्या त्या वनस्पती खरोखर इतक्या मोलाच्या असतील, तर बागेत न्या ना लावून!”

हा बागेचा मुद्दा शिकलेल्या माणसांच्या तोंडी फार असतो, म्हणून त्याचा समाचार घेतला पाहिजे. बागेचे उपकार आहेतच. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी ही जगातल्या अत्यंत दुर्मीळ वनस्पतींपैकी एक. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गतः कोठे आढळत नाही. एकोणिसाव्या शतकात डाल्झेलने तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याचे नाव तिला दिले. आज ती फांदीपासून सहज वाढवता येते आणि कित्येक उद्यानांत आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती जोपासण्यात आयुष्य वेचले. पण या माणसांनी बाग कशासाठी केली? रोप परत रानात जावे म्हणून. रानच राहिले नाही, तर बाग ही धर्मशाळा न राहता अनाथाश्रम होते. आमरीच्या बीजाचेच पाहा. ते धुळीच्या कणाएवढे. त्यात अंकुराची शिदोरीच नसते. मातीतली विशिष्ट बुरशी भेटली, तरच ते रुजते. कंदीलपुष्पाच्या कंदिलात शिरून परागण करणारी चिलटे कुंडीबरोबर येत नाहीत. एक रोप म्हणजे एक घर नव्हे, ते एका मोहल्ल्यातले माणूस आहे. मोहल्ला पाडून माणसाला लॉजवर ठेवता येईल. त्याला संसार म्हणत नाहीत.

तेव्हा वनस्पती जिथे आहेत तिथेच राखायच्या, तर त्या आहेत कोठे, हे आधी कळले पाहिजे. माझ्या साऱ्या तक्रारीचे सार एवढेच आहे : आम्हाला नकाशा हवा. जिल्ह्याचा नको, तालुक्याचा नको, गावच्या गटाचा. यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींवर ग्रंथ नाही, असे नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने कार्तिकेयन आणि आनंद कुमार यांचा ‘फ्लोरा ऑफ यवतमाळ डिस्ट्रिक्ट’ १९९३ साली प्रसिद्ध केला. आमच्या रानातल्या वनस्पतींची नावनिशीवार नोंद त्यात आहे. पण तो विद्वानांच्या कपाटात आहे आणि ई-क्लासचा निर्णय तहसील कचेरीत होतो. वनस्पतीचे नाव पुस्तकात आहे, सातबाऱ्यावर नाही. आणि या देशात जे सातबाऱ्यावर नाही, ते नाहीच.

कायदा नाही, अशीही सबब चालणार नाही. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, असे सांगितले. तिने लोकांना विचारून गावाची नोंदवही करायची. त्याच कायद्याने राज्य सरकारला एखादी जागा ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला. मग झाले काय? वर्षानुवर्षे नोंदवह्या झाल्या नाहीत. अखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली बजावले, की ३१ जानेवारी २०२०पर्यंत त्या पुऱ्या करा, नाहीतर राज्याला दरमहा दहा लाख रुपये दंड. महाराष्ट्रात सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती. परीक्षेच्या आदल्या रात्री निबंधाची वही पुरी करणारा विद्यार्थी जसे लिहितो, तशा कित्येक वह्या लिहिल्या गेल्या. मी पाहिलेल्या एका वहीत कडुनिंब, वड, पिंपळ, आंबा, चिंच अशी यादी होती. ही यादी सिंदखेडच्या, सिन्नरच्या किंवा सांगोल्याच्या वहीत जशीच्या तशी घातली असती, तरी कोणाला संशय आला नसता. ज्या बाईला काटवलाचा वेल कोणत्या धुऱ्यावर आहे, टेकोडे कोणत्या पावसाला निघतात, वास्ते केव्हा काढावेत आणि कुड्याची फुले केव्हा खुडावीत हे ठाऊक होते, तिला कोणी विचारलेच नव्हते.

राज्यातले पहिले वारसा स्थळ आमच्याच विदर्भातले : गडचिरोली जिल्ह्यातले अल्लापल्लीचे जुने सागवन, २०१४ साली जाहीर झालेले. आनंदाची गोष्ट आहे. पण मान मिळाला तोही उंचापुऱ्यांनाच! वीतभर गवताला वारसा म्हणायचे, तर मान खाली करून पाहावे लागते, आणि आपल्या कारभाराला ती सवय नाही.

नोंदवहीला आणि राखीव जागेला फार मोठी जमीन लागते, हाही एक बागुलबुवा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे रानजायफळाच्या झाडांची दलदल आहे. गावकऱ्यांनी देवराई म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या राखली आणि २०२१ साली तिला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिचे क्षेत्र अडीच हेक्टरांच्या आसपास, म्हणजे साधारण सहा-सव्वासहा एकर. आमच्याकडे मध्यम शेतकऱ्याचे वावर असते तेवढे. परदेशातले उदाहरण दिल्याशिवाय ज्यांना पटत नाही, त्यांच्यासाठी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया प्रांताचे सांगतो. तिथल्या सरकारने १९९४ साली ‘सूक्ष्म राखीव क्षेत्रे’ असा कायदाच केला. एक जागा वीस हेक्टरांहून मोठी नाही. जिथे दुर्मीळ वनस्पती आहे, नेमका तो तुकडा राखायचा. आज तिथे अशी तीनशेहून अधिक क्षेत्रे आहेत. वाघाला शंभर चौरस किलोमीटर लागतात, हे मान्य. आमच्याजवळ टिपेश्वर त्यासाठी आहे. पण मुसळीला चार एकर पुरतात. वाघासाठी जेवढी छाती आपण काढतो, तिच्या शंभराव्या हिश्शाने हे काम होईल.

आता एक आक्षेप असा आहे, की तो मला खरोखर अवघड वाटतो. नकाशा केला, की चोरांना वाट दाखवल्यासारखे होईल, असे काही जाणते लोक म्हणतात. सफेद मुसळीचेच पाहा. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात तिला शास्त्रीय नाव दिले ते मुंबईजवळच्या बोरिवलीवरून. पुढे तिच्या मुळ्यांना बाजारात भाव आला आणि रानोमाळ कुदळी चालल्या. मुळी काढली की रोपच संपते. बी पडण्याआधी काढली तर वंश संपतो. आज जागतिक यादीत ती अतिसंकटग्रस्त गणली जाते. अशा वनस्पतीचा पत्ता छापावा काय? छापू नये. पण पत्ता न छापणे आणि पत्ता ठाऊकच नसणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरातले दागिने कोठे आहेत, हे आपण वर्तमानपत्रात देत नाही. पण घरच्या बाईला तरी ठाऊक असते ना? नेमकी जागा ग्रामसभेच्या वहीत बंद राहू द्या. सरकारी नकाशावर फक्त गट क्रमांक येऊ द्या आणि त्यापुढे एवढाच शेरा : ‘विचारल्याशिवाय हात लावू नये.’ व्यापाऱ्याच्या माणसांना या जागा आजही ठाऊक आहेत. ठाऊक नाहीत त्या फक्त राखणाऱ्यांना.

दुसरा आक्षेप त्याहूनही गंभीर, आणि तो गरिबाचा आहे. ‘राखीव’ हा शब्द ऐकला, की कोलामाच्या पोडावर आणि गोंडांच्या गुड्यावर माणसे दचकतात. १८७८च्या जंगल कायद्यापासून राखीव म्हणजे आपल्याला मनाई, हाच अर्थ त्यांनी अनुभवला आहे. हा भीतीचा इतिहास खोटा नाही, आणि वनस्पतींच्या नावाने त्याची पुनरावृत्ती होणार असेल, तर असली राखीव क्षेत्रे नकोत, असे मी स्वच्छ सांगतो. पण तशी गरजच नाही. माळाच्या कित्येक फुलांना गुरांची बेताची चराई लागते. गवत फार माजले, की त्यांचा जीव गुदमरतो. साताऱ्याचे कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. गर्दी आवरायला तिथे कुंपण घातले गेले. चराई थांबल्याने फुले कमी होतात, अशी ओरड झाली, आणि काही वर्षांनी ते कुंपण काढावे लागले. म्हणजे ढोरक्याला हाकलून फूल वाचत नाही. तो पावसाळ्याचे अडीच महिने गुरे दुसऱ्या बाजूला नेईल आणि फुले होऊन गेल्यावर परत आणील, एवढा करार पुरे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथले जंगल काय ओस पडले? ज्याचा हक्क असतो तोच राखतो. भाडेकरू घराला रंग देत नाही.

शिवाय गायराने वाचवायला आधारही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाला परत करा, असे सर्व राज्यांना फर्मावले. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत विदर्भातल्या माणसाच्या ओळखीचे ‘निस्तारपत्रक’ आहे. गावाने पडीक रानातून चारा, लाकूड, रानमेवा कसा घ्यावा, याची नोंद त्यात व्हावयाची असते. म्हणजे पडीक जमिनीवर गावाचा जीव आहे, हे कायद्यालाही मान्य आहे! त्याच कागदाला वनस्पतींचे एक पान जोडायला घटनादुरुस्ती लागत नाही.

मग करायचे काय, ते आता मोजक्या शब्दांत सांगतो. प्रत्येक गावाने एक पावसाळा द्यावा. मृग, पोळा आणि दसरा अशा तीन वेळा, गावनकाशा हाती घेऊन, ई-क्लासवर, नाल्याच्या काठाने आणि देवाच्या रानातून फिरावे. बरोबर एक ढोरकी हवा, एक रानभाजी विकणारी बाई हवी, एक वैदू किंवा कोलाम म्हातारा हवा आणि जवळच्या कॉलेजातला वनस्पतिशास्त्राचा एक प्राध्यापक हवा. पहिले तिघे जागा दाखवतील, चौथा नाव सांगेल. हायस्कूलची पोरे लिहून घेतील. आता तर प्रत्येक घरात मोबाइल आहे, फोटो आणि ठिकाण दोन्ही त्यात उतरते. उपटायचे काही नाही. नंतर ग्रामसभेत ती वही वाचायची. ज्या गटात दुर्मीळ वनस्पती आढळली, तो गट वेगळा काढून ठराव करायचा आणि तो जिल्हाधिकाऱ्याकडे, वनखात्याकडे आणि राज्याच्या जैवविविधता मंडळाकडे पाठवायचा. आणि सरकारने एकच नियम करावा : ज्या गायरानाची अशी पावसाळी पाहणी झालेली नाही, ते कोणालाही, झाडांसाठीसुद्धा, देऊ नये. एक वर्षाची वाट! ज्या योजनांची फाइल टेबलावरून टेबलावर जायला तीन वर्षे लागतात, त्यांना मृगापासून दसऱ्यापर्यंत थांबणे का जड जावे?

शहरातल्या वाचकांना वाटेल, की यात आपला संबंध काय. आज पहाटे ज्या उटण्याने आपण न्हालात, त्यातला नागरमोथा आणि कचोरा कोठून आला, हे विचारून पाहा. भाद्रपदात बाजारातून पाच-दहा रुपयांना आणलेल्या पत्रीच्या जुडीत कोणत्या माळावरची कोणती पाने होती? दसऱ्याला सोने म्हणून लुटलेला आपटा कोणाच्या फांदीचा? आपले सगळे सण या ‘पडीक’ जमिनीच्या उधारीवर चालतात. ती उधारी आजवर कोणी मागितली नाही, म्हणून ती नाही, असे समजू नये. घरच्या मुलांना यंदाच्या सुटीत मामाच्या गावी नेलेत, तर त्यांना मॉलसारख्या दिसणाऱ्या नव्या नर्सरीत नेऊ नका. म्हाताऱ्या आजीला घेऊन धुऱ्याने फिरवा. तिला तीस-चाळीस वनस्पतींची नावे येतात आणि ती तिच्याबरोबर जाणार आहेत. ती वहीत उतरवून घ्या. पुढच्या पावसाळ्यातल्या नकाशाचे ते पहिले पान होईल.

राहिला शब्दांचा प्रश्न. ज्या जमिनीवर माझ्या गावची ढोरे चरतात, बाया भाजी खुडतात, वैदू मुळी शोधतो, तितर अंडी घालतात आणि जगात इतरत्र न आढळणारी फुले पोळ्याच्या सुमारास येऊन जातात, त्या जमिनीला पडीक म्हणण्याचा अधिकार ज्याने ती पावसाळ्यात पाहिली नाही त्याला नाही. आणि ज्याने पावसाळ्यात पाहिली, तो तसे म्हणणार नाही. सरकारने तेवढी तसदी घ्यावी. येत्या मृगात यावे, पायात गमबूट घालून यावे, आमचा ढोरकी वाट दाखवायला तयार आहे.